तार्तीनी, जूझेप्पे

तार्तीनी, जूझेप्पे : (८ एप्रिल १६९२–२६ फेब्रुवारी १७७०). बरोक कालखंडाच्या उत्तरार्धातील श्रेष्ठ इटालियन व्हायोलिनवादक, संगीतरचनाकार, अध्यापक व संगीतमीमांसक. ‘सैतानाची ट्रिल’ या नावाने गाजलेल्या सोनातामुळे त्याचे नाव सामान्य श्रोत्यांना परिचित आहे. तथापि त्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व वेगळे आहे. वादन करताना आपल्या कानांना जे प्रत्यक्ष ऐकू आले, तेच प्रमाण मानून त्याने त्यावर प्रथम अध्यापनाची एक पद्धती उभारली आणि पुढे संगीताचे संपूर्ण शास्त्र उभारण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी पहिला उद्योग यशस्वी झाला, तर दुसरा फसला. पण ज्या श्रवणानुभवातून हे दोन्ही उद्योग निर्माण झाले, तो अनुभव खरा होता हे पुढील काळातील ध्वनिविज्ञानाने मान्य केले.

जीवन : तार्तीनीचा जन्म एड्रिॲटिक समुद्राकाठच्या इस्ट्रिया प्रदेशातील पिरानो या गावी झाला. हे गाव त्या वेळी व्हेनिसच्या प्रजासत्ताकात मोडत असे. आज ते स्लोव्हेनियात असून पिरान या नावाने ओळखले जाते. त्याचा पिता जोव्हान्नी आंतोन्यो हा मूळचा फ्लॉरेन्सचा असून पिरानोच्या मिठागरांवर अधिकारी होता. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. त्याचे प्रारंभीचे शिक्षण पिरानो व कापोदीस्त्रिया येथील धार्मिक संस्थांत झाले. पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी तो पॅड्युआच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे कायद्यापेक्षा तलवारबाजीतच त्याने अधिक नाव मिळविले, असे त्याच्या जुन्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

पित्याच्या मृत्यूनंतर २९ जुलै १७१० रोजी त्याने एलिझाबेत्ता प्रेमाझोरे या तरुणीशी विवाह केला. ती त्याच्याहून वयाने मोठी व सामाजिक दृष्ट्या खालच्या स्तरातील होती. या विवाहामुळे पॅड्युआचा बिशप कार्डिनल कोर्नारो याचा रोष ओढवला आणि तार्तीनीला पत्नीला मागे ठेवून शहर सोडावे लागले. त्याने आसीझी येथील संत फ्रान्सिसच्या मठात आश्रय घेतला. मठातील एकांताची ही वर्षे त्याच्या जीवनाला कलाटणी देणारी ठरली. तेथेच त्याने व्हायोलिनचा कसून अभ्यास केला. बोहीमियाहून आलेला धर्मगुरू चेर्नोहोर्स्की याच्याकडून त्याने रचनाशास्त्राचे धडे घेतले, असे परंपरेने सांगितले जाते. चर्चमध्ये पडद्याआड बसून तो वादन करीत असता वाऱ्याने पडदा उडाला आणि पॅड्युआच्या एका यात्रेकरूने त्याला ओळखले, अशी आख्यायिका आहे. कार्डिनलचा राग निवळल्यानंतर पति-पत्नी पुन्हा एकत्र आली.

१७१४ मध्ये तार्तीनी आंकोना येथील ऑपेरागृहाच्या वाद्यवृंदात वाजवीत होता. १७१६ च्या सुमारास व्हेनिसमध्ये त्याने फ्रांचेस्को मारीआ व्हेरात्चीनी या प्रख्यात वादकाचे वादन ऐकले. विशेषतः व्हेरात्चीनीच्या गजावरील प्रभुत्वाने तो इतका प्रभावित झाला, की आपल्या वादनातील उणिवा दूर करण्यासाठी तो पुन्हा आंकोनाला जाऊन साधनेत गढून गेला. या साधनेचे फळ त्याला लवकरच मिळाले. १६ एप्रिल १७२१ रोजी पॅड्युआ येथील संत अँथनीच्या बॅसिलिकेत प्रमुख व्हायोलिनवादक व वाद्यवृंदाचा अग्रणी म्हणून त्याची नेमणूक झाली. या पदासाठी विहित असलेली परीक्षा त्याच्या बाबतीत माफ करण्यात आली, तसेच बाहेरगावी वादन करण्याची मुभाही त्याला देण्यात आली.

१७२३ मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याच्या बोहीमियाचा राजा म्हणून झालेल्या राज्यारोहणसमारंभाच्या निमित्ताने तो प्रागला गेला. आपला मित्र व चेलोवादक आंतोन्यो व्हांदीनी याच्यासह काउंट किन्स्कीच्या आश्रयाला राहून १७२६ मध्ये तो पॅड्युआला परतला. प्रागमध्ये त्याचे वादन ऐकणाऱ्यांत जर्मन बासरीवादक क्वांट्स हा होता. तार्तीनीच्या ध्वनीचे सौंदर्य, बोटांवरील व गजावरील त्याचा ताबा आणि अवघड ट्रिल लीलया वाजविण्याची त्याची हातोटी यांची क्वांट्सने वाखाणणी केली. मात्र हे वादन हृदयाला भिडत नाही, असाही अभिप्राय त्याने दिला. या अभिप्रायाची सत्यासत्यता काहीही असो, पुढील दोन दशकांत तार्तीनीच्या कलेने जी दिशा धरली, ती पाहता त्याला महत्त्व प्राप्त होते. १७४४ च्या सुमारास त्याने दुष्कर तांत्रिक करामतींचा मार्ग सोडून लालित्य व भावाभिव्यक्ती यांना प्राधान्य दिले, असे इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी याने नोंदविले आहे.

प्रागहून परतल्यावर तार्तीनीने आपले उर्वरित आयुष्य मुख्यतः पॅड्युआतच व्यतीत केले. परदेशांतून आलेली निमंत्रणे त्याने स्वीकारली नाहीत. ऑपेरा हा त्या काळी द्रव्य व कीर्ती मिळविण्याचा राजमार्ग होता. पण त्यापासूनही तो दूर राहिला. १७३९–४० मध्ये इटलीचा प्रवास करणाऱ्या शार्ल द ब्रॉस या फ्रेंच गृहस्थाजवळ त्याने याचे कारण स्पष्ट केले होते : मानवी कंठ व व्हायोलिन यांचे धर्म भिन्न आहेत, दोहोंसाठी सारख्याच यशाने लिहू पाहणाऱ्यास एका क्षेत्रात तरी अपयश येते. या संदर्भात त्याने व्हीव्हाल्दीचा दाखला दिला होता. १७६५ मध्ये तो बॅसिलिकेच्या सेवेतून निवृत्त झाला. १७६९ मध्ये त्याच्या पत्नीचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी पॅड्युआ येथे तोही मरण पावला. त्याच्या अखेरच्या आजारात त्याचा प्रिय शिष्य प्येत्रो नार्दीनी त्याच्यापाशी होता. पॅड्युआतील संत कॅथरिनच्या चर्चमध्ये त्याचे दफन करण्यात आले. त्याला भेटण्याची इच्छा बाळगून असलेला बर्नी त्याच वर्षी पॅड्युआस पोहोचला, परंतु तोवर तार्तीनीच्या मृत्यूला काही महिने लोटले होते.

तिसरा स्वर : आंकोना येथे १७१४ मध्ये व्हायोलिनच्या दोन तारा एकाच वेळी जोरकसपणे वाजवीत असता तार्तीनीच्या असे लक्षात आले, की स्वरांतर अगदी शुद्ध लागले, तर त्या दोन स्वरांखेरीज एक तिसरा, खालच्या सप्तकातील स्वरही ऐकू येतो. त्याने त्यास ‘तिसरा स्वर’ असे नाव दिले. तंबोऱ्याच्या खरजाच्या तारेतून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा हा प्रकार निराळा आहे. तो गांधार त्याच तारेच्या उपस्वरांपैकी एक असून मूळ स्वराच्या वरचा असतो. उलट तार्तीनीचा तिसरा स्वर वाजविलेल्या दोन्ही स्वरांच्या खाली असतो आणि तो दोहोंपैकी कोणत्याही एका तारेचा नसतो.

आजच्या परिभाषेत त्याचे स्पष्टीकरण असे : या स्वराची कंप्रता ही वाजविलेल्या दोन स्वरांच्या कंप्रतांमधील फरकाइतकी असते. सेकंदाला ४४० व ६६० कंपने असलेले दोन स्वर म्हणजे षड्ज-पंचमाची जोडी होय. ते एकत्र वाजविले, की २२० कंपनांचा, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्ज ऐकू येतो. वरचा स्वर किंचित उतरून ६५५ कंपनांचा लागला, तर तिसरा स्वर २१५ वर घसरतो. वरच्या स्वरातील चूक शेकडा एकाहूनही कमी असते. पण तिसऱ्या स्वरात ती शेकडा दोनहून अधिक होते. म्हणजेच जी चूक एरव्ही कानाला निसटून जाईल, ती तिसऱ्या स्वरात वाढून प्रत्ययास येते.

या घटनेची छापील नोंद करण्यात तार्तीनी पहिला नव्हता. जर्मन संगीतज्ञ झोर्गे याने १७४५ मध्ये आणि फ्रान्समधील रोम्यू याने १७५१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तार्तीनीचा ग्रंथ १७५४ मध्ये बाहेर आला. तथापि १७२८ पासून आपल्या शाळेत शुद्ध स्वरस्थानांची कसोटी म्हणून आपण तिसऱ्या स्वराचा वापर करीत आलो आहोत, असे त्याने पुढे नमूद केले. शोधाच्या श्रेयापेक्षाही हा व्यावहारिक उपयोग अधिक महत्त्वाचा होय. व्हायोलिनच्या मानेवर पडदे नसतात. स्वर नेमका कोठे आहे हे सांगणारी कोणतीही बाह्य खूण वादकापुढे नसते. अशा वाद्यावर दोन तारांच्या वादनाचा खरेखोटेपणा ठरविणारा एक निःपक्षपाती साक्षीदार तार्तीनीने शिष्यांच्या कानात उभा केला. तिसरा स्वर ऐकू आला नाही, तर दुहेरी स्वर शुद्ध नाहीत, हा त्याचा दंडक होता.

अध्यापन : १७२८ च्या सुमारास पॅड्युआत नावारूपास आलेल्या त्याच्या व्हायोलिनशाळेत इटलीबरोबरच जर्मनी, फ्रान्स इ. देशांतूनही विद्यार्थी येत. त्यामुळे तिला ‘राष्ट्रांची शाळा’ असे म्हटले जाऊ लागले. नार्दीनी, पास्क्वाले बीनी, योहान गोटलीप ग्राउन, पाझँ, ला ऊसे, नाउमान हे त्याचे काही उल्लेखनीय शिष्य होत. वादनाबरोबर रचनाशास्त्राचेही शिक्षण तो देत असे.

त्याच्या अध्यापनपद्धतीचे सर्वांत स्पष्ट दर्शन ५ मार्च १७६० रोजी त्याने मॅदालेना लोंबार्दीनी या तरुण शिष्येस लिहिलेल्या पत्रात घडते. ती व्हेनिसमधील मेंदिकांती या धर्मादाय आश्रमात शिकत होती व पुढे वादक आणि रचनाकार म्हणून यूरोपभर ख्याती पावली. पत्रात अभ्यासाचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिला गजाचा : मोकळ्या तारेवर गज इतक्या हळुवारपणे टेकवावा, की ध्वनीचा आरंभ हा आघात न वाटता श्वासासारखा वाटावा; मग तो ध्वनी क्रमशः वाढवीत न्यावा व पुन्हा क्षीण करावा. हा अभ्यास रोज किमान तासभर करावयाचा. त्यानंतर कोरेल्लीच्या द्रुत रचना घेऊन गजाच्या वेगवेगळ्या भागांनी हलकेपणाने वाजविण्याचा सराव करावा. दुसरा टप्पा डाव्या हाताच्या निरनिराळ्या स्थानांचा. आणि तिसरा ट्रिलचा, म्हणजे लगतच्या दोन स्वरांच्या जलद आवर्तनांचा. ट्रिल ही प्रथम सावकाश घेऊन हळूहळू गती वाढवीत साधावयाची असते. तार्तीनीच्या मृत्यूनंतर हे पत्र छापले गेले आणि १७७१ मध्ये बर्नीने त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

स्वरांच्या अलंकरणासंबंधीचे त्याचे नियम शिष्यांच्या हस्तलिखितांतून सर्वत्र पसरले. लेओपोल्ट मोट्सार्टने आपल्या १७५६ मधील सुप्रसिद्ध व्हायोलिनपाठात त्यांचा भरपूर उपयोग करून घेतला. ते फ्रेंच अनुवादाच्या रूपाने पॅरिसमध्ये १७७१ मध्ये छापले गेले. ‘गजाची कला’ ही त्याची रचनाही मूलतः अभ्यासासाठीच आहे. कोरेल्लीच्या पाचव्या संग्रहातील एका गाव्होत नृत्यरचनेवर आधारलेल्या तीत ५० आवर्तभेद असून गजाच्या नानाविध प्रयोगांचा त्यांत पद्धतशीर विचार केलेला आढळतो.

सिद्धांत : १७५४ मध्ये पॅड्युआ येथे प्रसिद्ध झालेल्या ‘त्रात्तातो दी मूझिका’ (संगीतावरील प्रबंध) या ग्रंथात तार्तीनीने तिसऱ्या स्वराच्या आधारे स्वरसंवादाचे शास्त्र मांडले. भिन्न भिन्न स्वर एकत्र आले असता निसर्ग स्वतःच त्यांचे मूळ दाखवून देतो. म्हणून संगीतातील अनेकत्व हे एकत्वातून निघते व एकत्वातच विलीन होते, हा त्याच्या विचाराचा गाभा होय. षड्ज, शुद्ध गांधार व पंचम यांच्या कंप्रता ४ : ५ : ६ या प्रमाणात असतात. त्यांतील कोणतीही जोडी घेतली, तरी मिळणारा तिसरा स्वर षड्जच असतो. तार्तीनीच्या विचाराला यापेक्षा सुंदर पुरावा मिळणे कठीण होते. पण गांधार कोमल केला, की प्रमाण १० : १२ : १५ असे होते आणि तीन जोड्यांपासून कोमल धैवत, कोमल गांधार व षड्ज असे तीन वेगवेगळे स्वर मिळतात. पाश्चात्त्य संगीतातील मायनर स्वरसंघाचे मूळ अशा तऱ्हेने एका स्वरात सापडत नाही. जे संगीत तार्तीनी स्वतः वाजवीत व रचीत असे, त्याचा मोठा भाग त्याच्या तत्त्वाच्या कक्षेत सहजपणे बसत नव्हता.

अशा अडचणींचे निराकरण करण्यासाठी त्याने वर्तुळ, त्याचा व्यास, जीवा व त्यांवरील चौरस यांच्या भूमितीचा आश्रय घेतला. गणिताचे रीतसर शिक्षण नसल्याने ही मांडणी अत्यंत क्लिष्ट व अनेक ठिकाणी सदोष झाली. तिसऱ्या स्वराचे सप्तक सांगण्यातही या ग्रंथात चूक झाली होती. तो प्रत्यक्षाहून एका सप्तकाने वर दाखविला होता. दालांबेरसारख्या गणितज्ञाला ग्रंथाची दुर्बोधता खटकली. रूसोने मात्र आपल्या संगीतकोशात (१७६८) त्याची आस्थेने दखल घेतली. जिनीव्हाच्या सेर याने १७६३ मध्ये केलेल्या कठोर टीकेला तार्तीनीने प्रत्युत्तर दिले. १७६७ मध्ये त्याने स्वरसंवादाच्या तत्त्वांवर दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात सप्तकाची चूक सुधारली. बोलोन्याचा विद्वान धर्मगुरू पाद्रे मार्तीनी याच्याशी झालेल्या त्याच्या दीर्घ पत्रव्यवहारावरून या विषयाचा त्याला किती ध्यास लागला होता, हे दिसून येते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तो रचनेपेक्षाही याच चिंतनात अधिक मग्न होता.

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्सने स्वरसंवेदनेवरील आपल्या ग्रंथात (१८६३) अशा संयुक्त स्वरांची शास्त्रीय मीमांसा केली. हे स्वर मुख्यतः ऐकणाऱ्याच्या कानातच निर्माण होतात. अंतर्कर्णाचा प्रतिसाद हा आघाताच्या सरळ प्रमाणात नसतो, हे त्याचे कारण होय, असे आता मानले जाते. ज्या घटनेला तार्तीनी विश्वरचनेचा नियम समजत होता, तो अशा रीतीने मुख्यत्वे मानवी श्रवणेंद्रियाचा धर्म ठरला. मात्र त्याचे निरीक्षण अचूक होते. इंग्रजीत हे स्वर आजही ‘तार्तीनी स्वर’ म्हणून ओळखले जातात.

रचना : तार्तीनीच्या नावावर सु. १३० व्हायोलिन कोन्चेर्तो आणि दोनशेच्या आसपास सोनाता आहेत. त्याच्या मोजक्याच रचना त्याच्या हयातीत छापल्या गेल्या. १७३४ मध्ये आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेला १२ सोनातांचा संग्रह त्यांपैकी प्रमुख होय. बहुतेक रचना हस्तलिखितांतूनच टिकून राहिल्या आणि त्यांचे मोठे साठे पॅड्युआ, पॅरिस व अमेरिकेतील बर्कली येथे आहेत. कोन्चेर्तोमध्ये द्रुत-विलंबित-द्रुत ही तीन भागांची बांधणी त्याने स्वीकारली; सोनातांमध्ये मात्र विलंबित भागाने आरंभ करून पुढील दोन भागांत गती वाढवीत नेण्याकडे त्याचा कल दिसतो. त्याची प्रतिभा विलंबित भागांत विशेष खुलते. रचनेस प्रारंभ करण्यापूर्वी तो पीत्रार्कची सुनीते वाचीत असे, असे त्याचा मित्र अल्गारोत्ती याने सांगितले आहे. अनेक हस्तलिखितांवर त्याने सांकेतिक लिपीत काही मजकूर लिहून ठेवला होता. मीनोस दून्यास या संशोधकाने १९३५ मध्ये त्याचा उलगडा केला, तेव्हा त्यांत मेतास्ताझ्यो प्रभृतींच्या काव्यपंक्ती असल्याचे निष्पन्न झाले. ऑपेरा न लिहिणाऱ्या या रचनाकाराने काव्यातील भाव मूकपणे वाद्याच्या हाती सोपविला होता.

१७४९ नंतरच्या ‘लहान सोनाता’ हे त्याच्या कलेचे परिणत रूप मानता येईल. रूढीस अनुसरून आपण त्यांना मंद्र स्वरांची साथ लिहून दिली असली, तरी ही साथ न घेता त्या वाजविणे हेच आपल्याला अभिप्रेत आहे, असे त्याने १७५० मध्ये अल्गारोत्तीला कळविले होते. हार्प्सिकॉर्ड व चेलो यांची साथ ही बरोक संगीताची मूलभूत अट होती. तीच त्याने येथे बाजूस सारली. दोन शुद्ध स्वरांतून मंद्र स्वर आपोआप उमटतो, हे ज्याने तीस-पस्तीस वर्षे ऐकले होते, त्याला एकाकी व्हायोलिन अपुरे वाटले नसावे.

‘सैतानाची ट्रिल’ या सोनाताविषयीची कथा लालांद या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या १७६९ मधील प्रवासवर्णनात आली आहे. ही कथा आपण तार्तीनीच्याच तोंडून ऐकल्याचे तो सांगतो. १७१३ मध्ये एका रात्री तार्तीनीला स्वप्न पडले. सैतान त्याचा सेवक झाला होता. तार्तीनीने त्याच्या हाती व्हायोलिन दिले, तेव्हा त्याने अलौकिक सोनाता वाजविली. जाग येताच तार्तीनीने ती वाजवून पाहण्याचा प्रयत्न केला. त्यातून सिद्ध झालेली रचना त्याच्या सर्व रचनांत उत्तम होती. पण ऐकलेल्या संगीताच्या तुलनेत ती त्याला अगदीच तोकडी वाटली. शैलीवरून ही सोनाता १७४० नंतरची असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. जी मायनर या स्वरश्रेणीतील ही रचना तार्तीनीच्या मृत्यूनंतर, १७९८ मध्ये, कार्त्ये याच्या पॅरिसमधील संग्रहात प्रथम छापली गेली. तिच्या अंतिम भागात एका तारेवर ट्रिल अखंड चालू असता दुसऱ्या तारेवर स्वतंत्र स्वरावली वाजवावी लागते. विसाव्या शतकात फ्रिट्स क्राइस्लरच्या रूपांतरामुळे ती मैफलींतून विशेष लोकप्रिय झाली.

मूल्यमापन : कोरेल्लीने व्हायोलिनच्या भाषेला व्याकरण दिले व व्हीव्हाल्दीने तिला नाट्य दिले, तर तार्तीनीने तिला अंतर्मुखता दिली, असे म्हणता येईल. त्याच्या शिष्यपरंपरेतून गजाच्या सुरेल, गायनसदृश वापराचा आदर्श अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील वादकांपर्यंत पोहोचला. त्याचे गणित मागे पडले. मात्र दोन तारांवरील स्वर जुळवताना तिसऱ्या स्वराकडे कान देण्याची त्याने घालून दिलेली रीत व्हायोलिनच्या शिक्षणात टिकून आहे. त्याच्या जन्मगावी १८९६ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला. तेथील मुख्य चौक त्याच्याच नावाने ओळखला जातो.